पाव्हण्याचा दिवा

माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त राग ज्या माणसाचा आला, तो माणूस मुंग्यांची रांग आडवी आली की रस्त्यात थांबायचा. जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या तरी बोलाचाली होते. तिथे मागून रिक्षा हॉर्न वाजवतेय, पुढे गोण्यांची हातगाडी अडकलीय, आणि हे पांढरा सदरा, पांढरा पायजमा घालून मधोमध उभे. रिक्षावाल्याने आईबाप काढले तरी यांचा आवाज चढायचा नाही. “दोन मिनटं रे. चालल्यात बिचाऱ्या,” एवढंच म्हणायचे. मी त्यांच्या मागे असायची, कंपनीची बस चुकायच्या बेतात, आणि मनातल्या मनात दातओठ खायची.

ते माझे घरमालक. सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणे, म्हणून मीही. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. खाली कापडाचं दुकान, दुकानामागे त्यांचं आणि काकीजींचं घर, वरच्या मजल्यावर आम्ही भाडेकरू. भाडेकरूला ते नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी परतूर तालुक्यातल्या आष्टीची, म्हणून मी आष्टी. पाच वर्षं मी त्या घरात राहिले, माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, देव जाणे. “आष्टी, नळ टपकून राह्यला,” अशी हाक खालून आली की मी बादली सोडून धावायची.

दुकानात त्यांची एक लोखंडी मीटरपट्टी होती, हाताने घासून घासून गुळगुळीत झालेली. कापड त्या पट्टीबरोबर मोजायचं, नखाने खूण करायची आणि टर्रकन फाडायचं. चार बोटं जास्त द्या म्हणून बायका गयावया करायच्या. बाकी सगळे दुकानदार देतात. हे द्यायचे नाहीत. सख्खी बहीण आली तरी नाही. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, “कमी दिलं तं माझं पाप, जास्त घेतलं तं तुझं पाप. मीटर म्हंजे मीटर.” गिऱ्हाईक तोंड वाकडं करून जायचं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यांच्याकडेच यायचं, कारण त्यांच्याकडचं कापड घरी नेऊन मोजावं लागत नसे.

आता माझं काम सांगते. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या बऱ्याच, त्यातल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी अळ्या पाळते. कपाशीवर पडणारी बोंडअळी. कपाशीचं नवं वाण अळीला पुरून उरतं की नाही हे बघायला अळ्या लागतात, आणि त्या कुणीतरी वाढवाव्या लागतात. खोली ठरलेल्या तापमानाला ठेवायची, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा तापमान तक्त्यावर लिहायचं, ब्रशच्या टोकाने अळी हलवून बघायची. हलली तर जिवंत, नाही हलली तर मेलेली, तसं लिहायचं. खोली घेताना काकाजींना मी फक्त ‘लॅबमध्ये आहे’ एवढंच सांगितलं होतं. पुढे त्यांना कुठूनतरी कळलं की मी अळ्या पाळते. पाळते हे ऐकून त्यांना कोण आनंद झाला. काकीजींच्या हाती वर बेसनाच्या गट्ट्यांची भाजी आली. चार दिवसांनी त्या अळ्यांचं शेवटी काय होतं तेही कळलं, आणि ते स्वतः जिना चढून माझ्या दारात आले.

रोज किती मरतात, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काकाजी, कामाचं सांगता येत नाही. त्यांनी मान हलवली. म्हणाले, “बरं. मंग म्हैन्याला एक एकासना तुझ्या नावानं करत जातो.” एकासना म्हणजे दिवसात एकदाच जेवायचं व्रत. माझ्या पापासाठी हे उपाशी राहणार. माझं डोकं फिरलं. माझं पाप माझ्या पगाराबरोबर येतं, तुम्हाला कुणी सांगितलं उचलायला, असं मी तोंडावर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि महिन्याच्या महिन्याला ते व्रत करत राहिले. दुसऱ्याला न विचारता त्याचं ओझं उचलणारा माणूस चांगला असतो असं लोक म्हणतात. माझा अनुभव असा, की अशा माणसाशेजारी राहणाऱ्याला स्वतःच्या खांद्यांची लाज वाटायला लागते.

जिन्याच्या दिव्याचं भांडण त्याच्याही आधीचं. दिवस मावळला की काकाजी जिन्यातला दिवा बंद करायचे. का, तर दिव्यावर चिलटं येतात आणि जळून मरतात. मरू नयेत हे बरोबरच, पण आम्ही माणसं त्या जिन्यात अंधारात चाचपडत चढायचो. एका संध्याकाळी मी पाण्याचा जार घेऊन चढताना घसरले, सात पायऱ्या खाली आले, मनगटाला प्लास्टर. त्या दिवशी मी कुणाचं वय बघितलं नाही, मालकी बघितली नाही. चिलटाला जीव आहे आणि मला काय पेंढा भरलाय का, असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. आणि मग मीच तोडगा सांगितला. म्हटलं, “एलईडी बल्ब लावा. तो तापतच न्हाई. किडा बसला तरी जळत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोकंभर एलईडी बल्ब आणले. शिडी लावून सगळ्या घरातले दिवे स्वतः बदलले. जिन्यातला लागल्यावर अर्ध्या तासाने सगळ्यांना बोलावलं आणि एकेकाला बल्बवर हात ठेवायला लावला. “लाव हात. ठंडा हाय का न्हाई? बिलकुल ठंडा.” मीही हात ठेवला. दुसरा हात गळ्यात बांधलेला होता. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जसा काही त्यांनीच तो शोधून काढला. त्या घरात भांडून जिंकलेली माझी ती एकच लढाई, आणि मी ती बरेच दिवस मिरवली.

तरी त्या वर्षी संवत्सरीला ते माझ्या दारात हात जोडून उभे राहिलेच. जैनांमध्ये पर्युषणाच्या शेवटी त्या दिवशी सगळ्यांची क्षमा मागतात. वर्षभरात कळत नकळत मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. माझ्याकडे झाले की शेजारच्या खोलीत, मग दूधवाला, मग रिक्षावाला. मला वाटलं, वर्षभराची माफी अशी एकदम ठोक भावात मागून मोकळे होतात. मी “असू द्या” म्हणून दार लावलं. त्या दिवशी क्षमा मागायची असते तशी द्यायचीही असते, आणि समोरच्यानेही मागायची असते, हे मला माहीत होतं. मी मागितली नाही.

आता पाव्हणा.

त्यांची एकुलती मुलगी पुण्यात नोकरी करायची. दिवाळी झाल्यावर ती एक काचेची पेटी घेऊन आली. पेटीत वीतभर लांबीचा, वाळूच्या रंगाचा, गळ्याभोवती काटेरी दाढी असलेला सरडा. बिअर्डेड ड्रॅगन. परदेशी जात, रीतसर नोंद केलेला, चार महिन्यांचा. कंपनी तिला सहा महिने जर्मनीला पाठवत होती आणि ज्या मैत्रिणीने सांभाळायचं कबूल केलं होतं तिने ऐन वेळी हात वर केले होते. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, याची तर चार फुटांच्या काचेपर्यंत. पण काय रुबाब होता. मान वर करून एका डोळ्याने तो असा बघायचा, की बघणाऱ्यानेच नमस्कार करावा.

मुलीने वडिलांना एक कागद लिहून दिला. दिवसभर बल्ब चालू, कारण तो बल्ब म्हणजे त्याचं ऊन. रोज ताजा पाला. आणि रोज जिवंत किडे, कारण लहान वयात हा पाला फारसा खात नाही, किड्यांवरच वाढतो. वडिलांचा स्वभाव तिला माहीत होता. ती वर माझ्याकडे आली आणि म्हणाली, ताई, तुमचं कामच किड्यांचं आहे, अप्पांना ते जमणार नाही, तेवढं तुम्ही बघाल का? मी म्हटलं, बिनधास्त जा. मला अभिमान वाटला होता. जालन्यात यातलं कळणारी मी एकटीच, अशा तोऱ्यात मी तो शब्द दिला.

तिची गाडी गल्लीच्या टोकाला वळली आणि काकाजींनी तिने आणून ठेवलेला रातकिड्यांचा डबा उचलला. मोती तलावाच्या काठी गवतात नेऊन सोडून आले. मी जिना उतरून आले तेव्हा डबा धुऊन पालथा घातलेला होता.

मी विचारलं, आता हा खाणार काय. ते म्हणाले, “आपल्या घरात जीव मारून जीव न्हाई जगवायचा, आष्टी. पाव्हणा आलाय, घरचं खाईल.”

मी म्हटलं, “आन् उपाशी मेला तं? तो जीव न्हाई का?”

“मी मरू देत न्हाई. बघ तू.”

मग त्यांनी जे सुरू केलं, ते दुसऱ्या कुणाच्या घरी बघितलं असतं तर मी पोट धरून हसले असते. पहिल्या दिवशी शेवग्याचा पाला बारीक चिरून. पाव्हण्याने ढुंकून बघितलं नाही. मग मेथी, दुधीचा कीस, पपई, जास्वंदीचं फूल. फुलाची एक पाकळी त्याने चाटली, तर काकाजींनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगितलं. हलतं तेच तो खातो असं कागदावर लिहिलेलं होतं. यांनी मोड आलेल्या मटकीचा दाणा दोऱ्याला बांधला आणि पेटीत सोडून नाचवायला लागले. पंचाहत्तरीचा माणूस, दुकान नोकरावर सोडून, एकेक तास पाटावर बसून मटकी नाचवतोय. एकदा तर स्वतःचं ताट घेऊन पेटीसमोर जेवायला बसले, का, तर बघून शिकेल. काकीजी जैन साधूंना विचारून आल्या आणि मला म्हणाल्या, “आमच्या महाराजसाहेबांनी बी सांगितलं, ज्याचा जो आहार त्याला तो. पण ऐकतील तं शप्पथ.” वर काकाजींचं एक वचन होतंच. खाणारा नखरे करतो, खिलवणाऱ्यानं करू नये. ते वचन ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कारण पाव्हणा वाळत चालला होता. शेपटीच्या मुळाशी हाड दिसायला लागलं. दिवसभर डोळे मिटून एका कोपऱ्यात पडून राहायचा. मला वाटायचं, हा माणूस मुंगीला वाट देतो आणि घरात आलेल्या लेकराला तत्त्वापायी उपाशी मारतो. मी रोज कामावरून आले की आधी त्यांच्या मागच्या खोलीत जायची. ती खोली अंधारी आणि थंड, पूर्वी धान्याची होती. पेटीच्या झाकणाला टोपी, टोपीच्या आत बल्ब. खाली पांढरा लख्ख उजेड पडलेला असायचा. मी एकदा विचारलंही, लाईट चालू ठेवता ना बराबर? ते म्हणाले, “सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. एक दिवस चुकलो न्हाई.” ते खरंच होतं. ते खोटं बोलत नसत.

माझी मावशी अंबड तालुक्यात वडीगोद्रीला राहते. तिच्या शेतात तुती आहे आणि शेडमध्ये रेशमाचे किडे. मऊ, पांढरे, कवच नसलेले, असल्या प्राण्याला याहून चांगलं खाणं नाही. एका रविवारी मी गेले आणि जेवणाच्या डब्यात तुतीची पानं घालून त्यावर किडे घेऊन आले. सकाळी काकाजी दुकान उघडायला जायचे, काकीजी त्याच वेळी स्थानकात, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या जागी. मधली पंधरा मिनिटं घर मोकळं. ज्या घरात रेशमी कापड वर्ज्य, कारण त्यासाठी किडे उकळतात, त्या घरात मी डब्यात रेशमाचे किडे घेऊन चोरासारखी शिरले. मला अजिबात अपराधी वाटलं नाही. उलट मी सूड उगवत होते.

पहिला किडा त्याच्यापुढे ठेवला. पाव्हण्याने एक डोळा उघडला. मान वाकडी केली, जीभ बाहेर आली आणि किडा गेला. दुसराही गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यात निम्मा आनंद त्याच्यासाठी होता आणि निम्मा काकाजींना हरवल्याचा. आठवडाभर मी रोज दोन देत होते. तो तेवढे खायचा पण अंगाला लागत नव्हते, डोळे तसेच मिटलेले. मला वाटलं, कमी पडतंय. त्याला भूक आहे आणि मी चिमणीसारखं भरवतेय. मग मी सहा दिले, चांगले मोठे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा. एक तर त्याने तोंड फिरवलं असताना ओठाला लावून लावून दिला.

तिसऱ्या दिवशी काकाजींची हाक आली. “आष्टी, जरा खाली ये.” आवाज वेगळा होता. पाव्हण्याचं पोट फुगलं होतं. दाढी काळी ठिक्कर पडली होती. तोंडाशी ओकारी होती आणि त्या ओकारीत जसाच्या तसा, न पचलेला, पांढरा किडा. मी तो बघितला. काकाजींनीही बघितला असणार.

दोन गल्ल्या सोडून जनावरांचे एक डॉक्टर राहायचे, गायीम्हशींचे. मी पळत जाऊन त्यांना घेऊन आले. त्यांनी आधीच सांगितलं, मी हा प्राणी कधी हातात घेतलेला नाही. पण माणूस कामाचा होता. त्यांनी पोटाला बोट लावलं, मग पेटीत हात घातला आणि बल्बच्या बरोबर खाली तळहात धरून ठेवला. बराच वेळ धरला.

“ह्यात ऊन कुठाय?” त्यांनी विचारलं.

“लाईट हाय की, डॉक्टरसाब,” काकाजी म्हणाले.

डॉक्टरांनी टोपी उचलली आणि बल्ब सरळ मुठीत धरला. “हा तं गार हाय. ह्या जातीला ऊन लागल्याबिगर अन्न पचत न्हाई. पोटात टाकलं ते सडून राह्यलं.”

टोपीत जिन्यातल्यासारखाच बल्ब होता. त्याच खोक्यातला एलईडी. मुलगी गेली त्याच संध्याकाळी मुलीच्या बल्बवर दोन चिलटं जळाली होती, आणि काकाजींनी तो काढून फळीवर ठेवला होता, कागदात नीट गुंडाळून. त्यांच्या हिशोबाने त्यांनी काहीच कमी केलं नव्हतं. उजेड तेवढाच होता आणि आता कुणी मरत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात आरोप नव्हता. ज्याने ती वस्तू सांगितली त्याला माणूस विचारतो ना, हे असं कसं झालं, तसं ते बघणं होतं. मी रोज दोनदा तापमान लिहिणारी बाई. थंड खोलीत अळीसुद्धा अन्न पचवत नाही हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. तीन आठवडे मी त्या पेटीपुढे उभी राहिले आणि एकदाही आत हात घातला नाही. मला त्या माणसाचा राग इतका आला होता, की पाव्हण्याकडे बघायला जागाच उरली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, संभाजीनगरला असल्या प्राण्यांचे डॉक्टर आहेत, आत्ता न्या, वाटेत ऊब द्या. गाडी बोलावली. काकाजी दुकानात गेले, मलमलीचा तागा ओढला आणि टर्रकन फाडला. पट्टी बाजूला पडलेली होती. त्यांनी मोजलं नाही. दुकानातला नोकर त्यांच्याकडे बघतच राहिला. त्या मलमलीत पाव्हण्याला गुंडाळून, खाली गरम पाण्याची पिशवी ठेवून मी मांडीवर घेतलं. काकाजी शेजारी, एक हात कापडावर ठेवून.

वाटेत बदनापूर मागे पडल्यावर माझ्या मांडीवरची धडपड थांबली. काकाजींनी गाडी कडेला घ्यायला सांगितली. दुपारचं ऊन गाडीत येत होतं, जेवढं त्याला तीन आठवड्यांत मिळालं नव्हतं तेवढं. ते म्हणाले, “तू बघ. तुला कळतं ह्यातलं.”

मी बोटाने हलवून बघितलं, जसं रोज ब्रशने बघते. हलला नाही. काकाजींनी वाकून त्याच्या कानाशी नवकार मंत्र म्हटला आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली.

घरी आल्याबरोबर त्यांनी मुलीला फोन लावला. मी खोलीतच उभी होते. त्यांनी सांगितलं ते असं, “बेटा, पाव्हणा गेला. चूक माझी हाय. बल्ब मी बदलला, खाणं मी न्हाई दिलं.” पलीकडून रडणं ऐकू आलं. मग तिने विचारलं, वरच्या ताई होत्या ना, त्यांनी नाही बघितलं? आणि आयुष्यात खोटं न बोललेला तो माणूस म्हणाला, “तिचा काय संबंध न्हाई. तिनं बराबर सांगितलं व्हतं, मीच ऐकलं न्हाई.”

मी तिथे होते. तोंडाला कुलूप नव्हतं. दोन पावलं पुढे जाऊन फोन मागता आला असता. मी गेले नाही. मुलगी वर्षभर वडिलांशी बोलली नाही, दिवाळीला आली नाही, हे मला पुढे कळलं. काकीजी घराच्या चौकात बसून तांदूळ निवडताना डोळे पुसायच्या आणि मला वर चहा पाठवायच्या. महिन्याभरात मी कंपनी लांब पडते असं सांगून नव्या जालन्यात खोली घेतली. सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा काकाजींनी जिन्यातला दिवा भर दिवसा लावून ठेवला होता, माझी ट्रंक उतरवताना कुणाचा पाय चुकू नये म्हणून.

तेव्हापासून दर संवत्सरीला त्यांचा फोन येतो. गेली चार वर्षं. स्क्रीनवर नाव दिसतं आणि मी उचलत नाही. लोकांना वाटेल लाजेने. लाज आहेच, पण त्याहून राग जास्त आहे. यांना कुणी अधिकार दिला? माझ्या नावाचे उपास यांनी करायचे, माझी चूक यांनी गिळायची, आणि वर दर वर्षी हात जोडून क्षमाही यांनीच मागायची. मला शिल्लक काय ठेवलं? चांगुलपणाने माणसाला असं नागवं करता येतं हे मी त्यांच्याकडून शिकले.

या वर्षी मी सकाळी सातलाच उठून फोन केला, त्यांचा यायच्या आधी. त्यांनी उचलला. म्हटलं, आष्टी बोलतेय. म्हणाले, बोल. आवाज पिकला होता. मी तयारी केलेलं सगळं विसरले आणि एका दमात सांगून टाकलं. एलईडी मी सांगितला होता. पेटीत हात मी घातला नाही. आणि रेशमाचे किडे मी आणले, तुमच्या पाठीमागे, तुमच्या घरात, आणि तेच त्याच्या पोटात सडले.

मग ते म्हणाले, “किडे म्हाईत व्हते मला. पहिल्याच दिवशी तुतीचं पान पडलेलं दिसलं पेटीत. मंग मी रोज दहा मिनटं लवकर निघून जात व्हतो दुकानात. काकीला बी सांगितलं, जल्दी जा. म्हणलं, तिला नीट खिलवू द्यावं.”

मी खाटेवर बसले. म्हणजे मी ज्या माणसाला हरवत होते, तो रोज सकाळी आपणहून हरून, आपला सगळ्यात मोठा नियम दाराबाहेर ठेवून निघून जात होता. आणि तेही पाप त्यांनी स्वतःच्याच खात्यावर घातलं असणार. मला भयंकर संताप आला. मी ओरडले. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसावर, क्षमेच्या दिवशी, सकाळी सात वाजता ओरडले.

“तुम्हीच म्हणता ना काकाजी, जास्त घेतलं तं पाप. मंग माझ्या वाट्याचं तुम्ही कसं घेतलं? मला का कमी मोजलं?”

पलीकडे दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज आला. मला वाटलं, फोन ठेवतील.

“बराबर हाय तुझं,” ते म्हणाले. “माप चुकलं माझं. अर्धं तुझं हाय. घे, फाडून दिलं.” आणि जरा थांबून, “पण अर्धंच हां, आष्टी. त्याच्याहून जास्त उचलू नको.”